गेम कन्सोल घेताय? आधी हॉलमधला टीपॉय हलवून बघा

मागच्या दिवाळीत मला नोकरीतला पहिला मोठा बोनस मिळाला आणि घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. आई म्हणाली, सोनं घे. आजी म्हणाली, एफडी कर. दादानं पुण्याहून फोन करून म्युच्युअल फंडावर अर्धा तास भाषण दिलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि व्हिडिओ गेमचा कन्सोल विकत घेतला. खोकं बघून आई एवढंच म्हणाली, "तू आता सव्वीसची झालीस ना गं?"

तिला काय सांगणार? तो कन्सोल मी माझ्यासाठी घेतलाच नव्हता. बाबांसाठी घेतला होता.

आम्ही बडोद्याचे. बाबा आणि शेजारचे काका रोज सकाळी ६ वाजता बॅडमिंटनला जायचे. मी शाळेत असल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी काका अचानक गेले. त्यानंतर काही महिन्यांतच बाबा रिटायर झाले. रॅकेट कपाटावर गेली ती गेलीच. विचारलं की म्हणायचे, गुडघा दुखतो. गुडघ्याचं काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. दिवसभर सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत राहायचे. मॉर्निंग वॉकचा ग्रुप, योगाचा क्लास, सगळं सुचवून झालं. त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही आणि कशालाच गेलेही नाहीत.

अशात एका मैत्रिणीच्या घरी मी तिच्या आईला टीव्हीसमोर उभं राहून बॅडमिंटन खेळताना बघितलं. हातात इवलासा कंट्रोलर, पदर खोचलेला आणि चेहऱ्यावर वर्ल्ड कपच्या फायनलचा ताण. मी तिथेच ठरवलं, हे आपल्या घरी हवं.

ठरवण्यापासून वापरण्यापर्यंत मी बऱ्याच चुका केल्या. तुमच्याही डोक्यात असा काही विचार असेल, मुलांसाठी, आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी, तर त्यातल्या निम्म्या चुका तरी टाळता येतील.

कंट्रोलरला तुम्ही दिसत नाही

मोबाईल आडवा धरला की स्क्रीनवरचा व्हिडिओही आडवा होतो. मोबाईलच्या पोटात दोन बारीक सेन्सर असतात, त्यांची ही करामत. ॲक्सेलरोमीटरला कळतं की हातातली वस्तू किती झटक्यानं हलली आणि जमीन कुठल्या बाजूला आहे. जायरोस्कोपला कळतं की ती किती आणि कुठे वळली. मोशन कंट्रोलरमध्येही हेच दोघं असतात. तुम्ही हात फिरवता, कंट्रोलर तो झटका आणि वळण मोजतो, बिनतारी कन्सोलला कळवतो आणि स्क्रीनवरचा खेळाडू रॅकेट फिरवतो.

म्हणजे कन्सोलला तुम्ही दिसत नाही. त्याला फक्त तुमच्या हातातल्या वस्तूचं काय चाललंय ते कळतं. तुम्ही उभे आहात की सोफ्यावर लोळताय, याचा त्याला पत्ता नसतो. माझ्या आठ वर्षांच्या पुतण्यानं हे पहिल्याच दिवशी शोधून काढलं आणि उशीला टेकून, नुसतं मनगट हलवून आम्हा सगळ्यांना हरवलं. व्यायाम होईल म्हणून कन्सोल घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी.

हा प्रकार घराघरात नेला तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'वी' नावाच्या कन्सोलनं. नोव्हेंबर २००६ मध्ये तो अमेरिकेत आला, किंमत २५० डॉलर. त्या वेळी इतर कंपन्या जास्तीत जास्त खरीखुरी चित्रं दाखवण्याच्या शर्यतीत होत्या. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचा हट्ट वेगळाच होता. डबा इतका लहान हवा, की डीव्हीडीची दोन-तीन कव्हरं एकावर एक ठेवल्यासारखा दिसेल. आणि कंट्रोलर असा हवा, की ज्यानं आयुष्यात कधी गेम खेळला नाही त्यालाही हातात घ्यायची भीती वाटू नये. म्हणून त्याला रूप दिलं टीव्हीच्या रिमोटचं. मला ही युक्ती फार आवडते. बारा बटणांचा कंट्रोलर आजीच्या हातात दिला तर ती तो परत माझ्या हातात ठेवते. रिमोट मात्र तिच्या हातातून कोणी काढून घेऊन दाखवावा!

जपान आणि दक्षिण कोरिया सोडून बाकी बहुतेक ठिकाणी 'वी'बरोबर 'वी स्पोर्ट्स' हा गेम फुकट मिळायचा. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. बोलिंगमध्ये बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना बटण सोडायचं. लोक जोशात बटणाबरोबर कंट्रोलरही सोडायचे. तो थेट टीव्हीत. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला ३२ लाख मनगटपट्ट्यांच्या दोऱ्या जाड करून बदलून द्याव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी कंट्रोलरला रबराचं जाकीटही आलं. तुमच्या कंट्रोलरबरोबर येणारा तो क्षुल्लक दिसणारा पट्टा कपाटात टाकू नका, एवढं यातून घ्या.

याच कन्सोलची एक गंमत. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, आणि ते बघणारा छोटा कॅमेरा कंट्रोलरच्या तोंडाशी असतो. पट्टी बिघडली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही काम चालतं. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग निरांजनं लावली तरी चालतील की." चालतील बहुधा. पण टीव्हीजवळ पेटती ज्योत नकोच.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'एक्सबॉक्स ३६०'साठी 'किनेक्ट' आणला. त्यात हातात काहीच धरायचं नाही. समोरची पेटी न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीभर टाकते आणि तुमच्या शरीराचे २० सांधे ओळखते. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले, गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी सोनीचा 'प्लेस्टेशन मूव्ह' आला. त्याच्या टोकाला आईस्क्रीमच्या गोळ्यासारखा चमकणारा चेंडू होता. कॅमेऱ्याला तो चेंडू मोठा दिसला की तुम्ही जवळ आहात, लहान दिसला की लांब.

मग हे सगळं गेलं कुठे?

'वी' १० कोटींहून जास्त विकला गेला. पण त्याच्यानंतर आलेला 'वी यू' दीड कोटीचाही आकडा गाठू शकला नाही. किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं. ज्यांच्याकडे यातलं काही होतं अशा चार-पाच जणांशी मी बोलले. सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच होतं. पहिले दोन महिने घरात जत्रा, मग कधीतरी पाहुणे आले की, आणि मग माळ्यावर.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी याची तपासणीच केली. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना 'वी' दिले, काहींना हालचालीचे गेम आणि काहींना बसून खेळायचे. मग १३ आठवडे त्यांची हालचाल मोजली. २०१२ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. हालचालीचे गेम मिळालेली मुलं दिवसभरात इतरांपेक्षा जास्त हललेली दिसली नाहीत. लक्षात घ्या, त्यांना कोणी खेळा म्हणून मागे लागत नव्हतं, जसं आपल्या घरी होईल तसंच. खोकं आणून ठेवल्यानं काही होत नाही.

हे मी खरेदीनंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर कदाचित एफडी केली असती!

दुकानात गेल्यावर

आज हालचालीवर खेळायचं म्हटलं तर घरांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो निन्टेन्डोचा 'स्विच'. हा मार्च २०१७ मध्ये आला. त्याचे जॉय-कॉन नावाचे दोन छोटे कंट्रोलर दोन्ही बाजूंनी निघतात आणि प्रत्येकात वर सांगितलेले सेन्सर असतात. मलाही तोच हवा होता. पण मी ज्या दुकानात गेले तिथल्या सेल्समननं मला 'स्विच लाइट' पुढे केला. "मॅडम, सेम चीज है, सस्ता है." मी जवळजवळ घेतलाच होता. नशीब, त्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती ओरडलीच. लाइट हा फक्त हातात धरून खेळायचा. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. प्रवासात खेळणाऱ्यासाठी उत्तम, माझ्या बाबांसाठी निरुपयोगी. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: टीव्हीला जोडता येतो का आणि कंट्रोलर वेगळे निघतात का?

दुसरा प्रश्न बिलाचा. स्विच आपल्याकडे मुख्यतः आयात होऊन आलेला मिळतो. त्यामुळे एकाच वस्तूची किंमत दोन दुकानांत काही हजारांनी वेगळी असू शकते. मला एका ठिकाणी बिलाशिवाय बरीच सूट सांगितली होती. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण बिघडला तर कोणाकडे जायचं? दुकानदार स्वतःची वॉरंटी देत असेल तर किती महिन्यांची, कंट्रोलर त्यात येतात का, हे बिलावरच लिहून घ्या. कंट्रोलरचं मुद्दाम सांगतेय. जॉय-कॉनची छोटी काडी आपोआप सरकायला लागते, ही जगभरातली जुनी तक्रार आहे. २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागितली होती. हात हलवून खेळायच्या खेळांत त्या काडीचा उपयोग कमी असतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

तिसरा प्रश्न, किती जण खेळणार? टेनिस, बॅडमिंटन, बोलिंगला एका माणसाला एकच जॉय-कॉन पुरतो. म्हणजे खोक्यातल्या जोडीत दोघं खेळू शकतात. चौघांना एकदम खेळायचं असेल तर आणखी एक जोडी घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते. आम्ही घेतली नाही. दोघं खेळतात, बाकीचे शेरे मारतात. खरं तर जास्त मजा शेऱ्यांचीच असते.

जून २०२५ मध्ये 'स्विच २' आला आहे आणि जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात. पण व्यायामासाठी 'रिंग फिट ॲडव्हेंचर' घ्यायचा विचार असेल तर एक खोच आहे. त्यातल्या गोल रिंगमध्ये फक्त जुना जॉय-कॉन बसतो, नवा नाही. नुसता स्विच २ घेऊन घरी आलात तर रिंग हातात आणि कंट्रोलर दुसऱ्या हातात, अशी गत होईल. जुनी जोडी मिळवून नव्या कन्सोलला जोडता येते, पण तो खर्च वेगळा.

आणि आता अमेरिकेतल्या नातेवाइकांविषयी. मराठी कुटुंबात कोणी ना कोणी न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतंच, आणि येताना बॅगेत मुलांचा जुना कन्सोल आणतंच. प्रेमानं आणलेली वस्तू, पण भिंतीत लावायच्या आधी अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. तिथल्या 'वी'चा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावला की खेळ तिथेच संपला. स्विचच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला आपली वीज चालते, फक्त पिन बदलायची. शिवाय 'वी'ला देशांचं कुलूप आहे. अमेरिकेच्या मशीनवर युरोपची डिस्क चालत नाही. त्याची वायर लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची असते आणि नव्या टीव्हीला ती भोकं असतीलच असं नाही. त्याचं ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २०२४ मध्ये. म्हणजे जुना कन्सोल घ्यायचा तर डिस्कसकट घ्या, आणि विकणाऱ्याच्या घरी चालू करून, दोन्ही कंट्रोलर हलवून बघून मगच पैसे द्या.

इतका खर्च करायच्या आधी घरच्यांना हा प्रकार रुचतो का, हे बघायचं असेल तर 'जस्ट डान्स नाऊ' करून बघा. त्यात स्क्रीनवर नाचणारा दिसतो आणि तुमचा मोबाईलच कंट्रोलर होतो. मोबाईल घट्ट धरा मात्र!

हॉल मोजायचा राहून गेला

कन्सोल घरी आला, टीव्हीला जोडला, सगळे जमले आणि मग कळलं की आमच्या हॉलमध्ये हात पसरायलाच जागा नाही. सोफा, समोर काचेचा टीपॉय, बाजूला शोकेस, शोकेसमध्ये आईचा गणपतींचा संग्रह. किनेक्ट वापरायचा तर एका माणसाला टीव्हीपासून साधारण ६ फूट आणि दोघांना ८ फूट मागे उभं राहावं लागायचं. हातातल्या कंट्रोलरला एवढी अट नसते, पण दोन माणसं शेजारी उभी राहून हात फिरवणार तर त्यांचे हात एकमेकांना लागायला नकोत. खरेदीच्या आधी एक काम करा. टीपॉय बाजूला सरकवा, टीव्हीसमोर दोघांनी उभं राहून चारी बाजूंना हात फिरवून बघा. वरही. आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो आणि स्मॅश मारताना तो आठवत नाही.

आमचा टीपॉय आता रोज रात्री साडेनऊला गॅलरीत जातो आणि दहानंतर परत येतो. खरं सांगायचं तर घरात सगळ्यात जास्त व्यायाम टीपॉय उचलणाऱ्याचाच होतो.

फरशीवर पायमोजे घालून खेळू नका, घसरायला होतं. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर उड्यांचे गेम रात्री नकोत. 'रिंग फिट'मध्ये यासाठी सायलेंट मोड आहे, धावण्याऐवजी गुडघे वाकवून काम भागतं.

"मी बरोबर मारतोय, हाच उशिरा मारतो"

पहिल्या रात्री बाबांच्या हातात कंट्रोलर दिला. गेम होता 'निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स', २०२२ चा. त्यात बॅडमिंटन आहे, त्याच्यासाठीच तर मी हे सगळं केलं होतं. बाबा आधी नको नको म्हणाले. मग पुतण्यानं (ते सगळे दिवाळीला आले होते) "आजोबा, घाबरलात का?" असं विचारलं आणि बाबा उठले.

पहिला गेम हरले. दुसराही हरले. चिडून म्हणाले, "मी बरोबर मारतोय, हाच उशिरा मारतो." आम्ही हसलो. वय झालं, हात मंदावले, वगैरे दादा काहीतरी बोलला. बाबा कंट्रोलर ठेवून जाऊन बसले आणि मला वाटलं, संपलं. बोनस पाण्यात.

रात्री झोप येईना म्हणून मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की बाबाच बरोबर होते. आजकालचे टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि तेवढ्यात सेकंदाचा छोटा अंश निघून जातो. सिनेमा बघताना ते कळत नाही. बॅडमिंटनमध्ये कळतं, विशेषतः ज्यानं पंचवीस वर्षं फूल नेमक्या क्षणाला मारलंय त्याला. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो. तो चालू केला की ही दिरंगाई कमी होते. सकाळी तो लावला आणि बाबांना उठवून परत उभं केलं. त्यांनी पहिलंच फूल नेटजवळ अलगद टाकलं आणि दादाकडे बघितलं. दादानं माफी मागितली.

पण गोष्ट इथे गोड झाली नाही. तीन-चार दिवसांनी बाबांनी बॅडमिंटन सोडलं. म्हणाले, यात पायच हलत नाहीत. खरं आहे. त्या गेममध्ये तुमचा खेळाडू फुलाखाली आपोआप धावत जातो, तुम्ही फक्त हात फिरवायचा. "अगं, बॅडमिंटन पायांनी खेळतात," बाबा मला समजावून सांगत होते, "हातानं नुसतं फूल मारतात." मी बाबांना इतकं सलग बोलताना कित्येक महिन्यांनी ऐकत होते. त्यामुळे मी काहीच बोलले नाही. ते सर्व्हिसवर बोलले, बॅकहँडवर बोलले आणि मग काकांच्या बॅकहँडवर बोलले. काका गेल्यापासून त्यांचं नाव बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

कन्सोल खरा कोणाला आवडला असेल तर आजीला. वय ८३. बोलिंग. खुर्चीत बसून, मनगटाला पट्टा, बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणायचा. पहिले दोन दिवस तिचा चेंडू नालीतच जायचा. तिनं कोणालाही न विचारता युक्ती शोधली, हात सरळ रेषेत आणायचा, मनगट वळवायचं नाही. आता ती आमच्याहून चांगली खेळते आणि कोणाला शिकवत नाही.

डॉक्टर काय म्हणतात

आजीची फिजिओथेरपिस्ट हे ऐकून खूश झाली, पण लगेच म्हणाली की पंधरा मिनिटांच्या वर नाही आणि शेजारी कोणीतरी हवं. तिचं बरोबर आहे. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटं पत्र छापून आलं होतं. २९ वर्षांच्या एका निवासी डॉक्टरचा खांदा सकाळी अचानक प्रचंड दुखायला लागला. ना पडला, ना काही उचललं. शेवटी निघालं काय, तर आदल्या दिवशी कित्येक तास 'वी'वर टेनिस खेळला होता. आजाराला नाव दिलं 'वीआयटिस'. उपाय, आठवडाभर वेदनाशामक गोळी आणि 'वी' बंद. रॅकेटला वजन असतं म्हणून खरा खेळाडू दमून थांबतो. इथे हातात वजनच नाही, त्यामुळे थांबायचं कळत नाही.

व्यायाम किती होतो? त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलांवर मोजमाप केलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा 'वी स्पोर्ट्स'मध्ये ऊर्जा नक्कीच जास्त खर्च झाली, पण खऱ्या मैदानी खेळाइतकी नाही. म्हणजे संध्याकाळी मुलांना मैदानावर पाठवायचं बंद करून हे देऊ नका.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही 'वी'चा वापर झाला. बऱ्याच दवाखान्यांत उत्साह होता. मग कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं चार देशांतल्या १४१ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांबरोबर अर्ध्या रुग्णांना 'वी' दिला होता, उरलेल्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. हाताची सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि जवळपास सारखीच. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं नाही. आजीला पत्त्यांतही कोणी हरवू शकत नाही, फक्त अलीकडे तिच्याबरोबर पत्ते खेळायला घरात कोणाला वेळ नव्हता. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा चक्कर येते, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच कंट्रोलर हातात घ्यावा.

आता काय चाललंय

दिवाळी संपून पुतण्या पुण्याला जायच्या दोन दिवस आधी बाबांनी कपाटावरची रॅकेट काढली. तिची जाळी दोन ठिकाणी तुटली होती. गटिंग करून घ्यायला ते स्वतः स्कूटरवर गेले आणि येताना पुतण्यासाठी लहान रॅकेट घेऊन आले. त्याला बिल्डिंगच्या खाली नेऊन पाय कसे हलवायचे ते दाखवलं. दोघंही धापा टाकत वर आले. सकाळी सहाच्या कोर्टवर बाबा अजून गेलेले नाहीत. रविवारी मात्र बिल्डिंगमधली दोन-तीन मुलं त्यांना बोलवायला येतात. गुडघा कधी दुखतो, कधी नाही.

कन्सोल माळ्यावर गेलेला नाही, पण त्याचं कारण आजी आहे. रात्री साडेनऊ वाजले की ती टीपॉयकडे बघायला लागते. मागच्या रविवारी तिनं सलग तीन स्ट्राइक टाकले, तेव्हा बाबा खाली मुलांबरोबर होते. वर आल्यावर तिनं सांगितलं तर म्हणाले, "आई, पुरावा काय?"

तेव्हापासून ती दर गेमनंतर मला स्क्रीनचा फोटो काढायला लावते आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकायला सांगते.